साडभाऊंच्या पोटाची गोष्ट

स्वतःच्या पोटाबद्दल इतक्या लोकांशी, इतकी वर्षं, इतक्या तपशिलाने आणि इतक्या निर्विकार चेहऱ्याने बोललेला दुसरा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात झाला नसेल; आणि त्यातलं निम्म्याहून अधिक बोलणं ज्याच्या कानांनी झेललं, तो मी. हे मी अभिमानाने सांगत नाही, दमून सांगतो आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बाकी महाराष्ट्र या नात्याला नुसतं साडू म्हणून मोकळा होतो. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात, म्हणजे त्यात भाऊ येतो, आणि भाऊ आला की त्याचं ऐकून घेणं आलं. लाखांदूरला त्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतात. जवळच्या गावी धानाची शेती आहे, ती धाकटा भाऊ पाहतो. माणूस उंचापुरा, मिशा भरघोस, पोट पँटच्या पट्ट्यावरून पुढे आलेलं, आणि आवाज असा की धानाच्या बांधीत, म्हणजे वाफ्यात, उभं राहून पल्याडच्या शिवारातल्या माणसाला हाक मारली तर तो दचकून विळा टाकेल. अशा आवाजाच्या माणसाला फोनची खरं म्हणजे गरज नव्हती. तरी ते रोज सकाळी फोन करत.

मी भंडाऱ्याला शाळेत मास्तर. सकाळचा चहा एवढीच काय ती माझ्या दिवसातली स्वतःची वेळ. नेमका कप ओठाला लागला की फोन वाजायचा. "साडभाऊ, आज काई जमलं नाई." नमस्कार नाही, कसे आहात नाही. मग आदल्या दिवशीचं जेवण येई. लाखोरीची डाळ खाल्ली होती, त्यावर वांगं, वांग्यावर ताक. त्यातलं कोण कोणाशी भांडलं असेल याचा तर्क. रात्री पोटात कुठून कुठे काय फिरलं त्याचा मार्ग. आणि शेवटी पहाटेचा निकाल. निकाल चांगला असला की आवाजात धानाची रोवणी आटोपल्याचं समाधान असे. वाईट असला तर मलाच जाब विचारल्यासारखे म्हणत, "आता सांगा, काय करावं मानसानं?"  मी "हं" म्हणत असे. माझी बायको फोनचा आवाज मोठा करून ओट्यावर ठेवून देई आणि पोळ्या लाटत राही. मध्येच "बरं भाऊजी, इसबगोल घ्या" म्हणे. अशी कित्येक वर्षं गेली.

आमची पहिली भेटही पोटावरच झाली. मी मुलगी पाहायला गेलो होतो. घरातल्या मोठ्या माणसांनी पगार विचारला, शेती विचारली, भाऊ-बहिणी विचारल्या. मग थोरल्या जावयाच्या हक्काने हे उठले, मला खांद्याला धरून मागच्या आंगणात, पेरूच्या झाडाखाली घेऊन गेले. मला वाटलं आता दारूची, तंबाखूच्या खऱ्याची चौकशी होणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "पोट साफ राह्यते ना?" मी कानाच्या पाळीपर्यंत लाल झालो आणि मान हलवली. ते आत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगा चांगला आहे." माझं लग्न या एका दाखल्यावर जमलं असं बायको अजूनही चारचौघांत सांगते, आणि ते खोटं आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

गाव असो की परगाव, त्यांच्या बोलण्याला जागेचं बंधन नव्हतं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या मागे मागे फिरून "तुमी वांग्याची भाजी दुसऱ्यांदा घेऊ नका, उद्या माही आठवन येईन" असं पाहुण्यांना बजावत. कोणाकडे मयतीला गेले की सुतकातल्या माणसाचा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणत, आणि त्याच दमात "रडा, मन मोकळं करा, पन जेवन हलकं ठेवा" म्हणत. दुकानात शेतकरी धानाचं पान घेऊन रोग विचारायला आला, तर पान उजेडात धरून पाहत, मग शेतकऱ्याचा चेहरा उजेडात धरल्यासारखा पाहत आणि सांगत, "धानाले करपा आहे, तुले गॅस आहे. औषध फक्त धानाचं देतो, तू कोमट पानी पे." एकदा मी त्यांच्याबरोबर लाखांदूरहून भंडाऱ्याला एसटीने आलो. कंडक्टरने तिकीट विचारलं, तर हे म्हणाले, "भंडारा. पन पवनीले जरा जास्त थांबजा, आज आमचं भरोशाचं नाई." कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. पवनीला गाडी जास्त वेळ थांबली, आणि सगळी गाडी ते परत येईपर्यंत काळजीने स्टँडकडे पाहत बसली. ते चढल्यावर पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "झालं का बाबू?" ते म्हणाले, "झालं, माय." गाडी सुटली.

आम्ही भंडाऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा ते वास्तूला आले. सगळी खोली न् खोली पाहिली, संडासाचं दार उघडलं आणि तसेच मागे आले. "साडभाऊ, हे खुर्ची कायले ठेवली इथं?" मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवीतून आणलेला स्वतःचा तांब्याचा गडू घेऊन ते जिना उतरले आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त तलाठ्यांकडे गेले, कारण त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचा होता हे त्यांनी आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवलं होतं. तलाठी विधुर, एकटे. दोघांचं इतकं जमलं की पुढे साडभाऊ मुक्कामाला येणार म्हटलं की तलाठी जिना चढून विचारायला येत, "उद्या येतात ना तुमचे पाहुणे?"

पोटाची इतकी काळजी, पण बिडी मात्र सुटत नव्हती. ताई, म्हणजे माझी मेहुणी, त्यावरून भांडून भांडून थकली होती. त्यांचं शास्त्र वेगळं होतं. "हे पाहा, डिझेल इंजिनाले हँडल मारल्याशिवाय ते सुरू होते का? तसं हे हँडल आहे." सकाळी एक हँडल, मग दिवसभर इंजिन चालू असतानाही हँडलं मारणं सुरूच. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मला कधी प्रश्न पडला नाही की हा माणूस पोटाविषयी इतकं का बोलतो. कोणाला पत्त्यांचा नाद असतो, कोणाला नाटकांचा. यांना पोटाचा होता. दमलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

आणि मग एका हिवाळ्यात फोन यायचे थांबले.

पहिल्या सकाळी मी चहा गरम असताना संपवला. दुसऱ्याही सकाळी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बायको पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "भाऊजींचा फोन नाही आला." मी म्हटलं, "धान विकायची घाई असेल." तिने बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, ते ठीक आहेत, जरा थकलेत. थकणं आम्हा सगळ्यांनाच लागू होतं, म्हणून आम्ही ते सोडून दिलं. पुढे पौषात लाखनीला नात्यातल्या एका बारशाला सगळे जमलो. हे आले होते. हायवेच्या बाजूच्या त्या सभागृहात, बाहेर ट्रकांचा आवाज चाललेला, आणि हे एका कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले. पंगतीत फिरले नाहीत. वांग्याच्या भाजीवरून कोणाला बोलले नाहीत. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, मिशा त्यावर उसन्या लावल्यासारख्या दिसत होत्या. एक वयस्क मामा नेहमीच्या सवयीने हसत त्यांच्याजवळ गेले, "काय जवाईबापू, पोट काय म्हनते?" सगळ्यांनी कान टवकारले. मोठा वृत्तांत येणार म्हणून दोन-तीन जणांनी खुर्च्याही जवळ ओढल्या.

"ठीक आहे," साडभाऊ म्हणाले.

मामा हसत राहिले, पण त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर अडकून पडलं.  ताईने मला हात धुवायच्या जागी गाठलं. हळू आवाजात सांगू लागली: खताची पोती पूर्वी एका हाताने फेकत, आता एक उचललं की धाप लागते. दुकानाच्या दोन पायऱ्या चढून बसतात. जेवण कमी झालं. आणि स्वतःचे कपडे स्वतः धुतात. "लग्न झाल्यापासून ज्या मानसानं रुमाल धुतला नाई, तो पहाटे उठून पायजमे धुते. विचारलं तं म्हनते मूळव्याध आहे. बाजारातल्या वैदूचं चूर्ण खाऊन राहिले. मी कोनाले सांगू?"

पुढच्या रविवारी मी लाखांदूरची गाडी धरली. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते गेल्यावर साडभाऊंनी शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "चला, बोडीवर जाऊन येऊ." बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. त्यांच्या शेतातली बोडी त्यांच्या आजाने खोदलेली. पाणी निम्मं उतरलं होतं, काठावर चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. ते बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर बसले. बसताना गुडघ्यावर हात ठेवून जरा श्वास घेतला. बिडी पेटवली, आणि ओढलीच नाही. ती हातातच विझली.

"साडभाऊ, एक सांगतो. घरी बोलाचं नाई."

"सांगा."

"रगत पडते."

"कधीपासून?"

"धान कापत होतो तवापासून. रोज नाई पडत. मधात चार-आठ दिवस काईच नाई. मंग वाटते, गेलं. मंग पुन्हा. आनं पोटाचा काई हिशेबच राह्यला नाई. कधी बंद, कधी धाव."

"आणि तुम्ही कोणालाच नाही सांगितलं? तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मी लाज कधी पाहिली नव्हती. म्हणून ती ओळखायला मला वेळ लागला.

"माहे बाबूजी याच काठावर धोतर धूत," ते म्हणाले. "मी लहान होतो. बैल पान्यावर आनले तं हे बसलेले. पानी लाल. मले पाह्यलं तं म्हनाले, मायले सांगू नको. मी नाई सांगतलं. गावात सगळे म्हनत, उष्णता आहे, मूळव्याध आहे. मंग पोट फुगलं, मंग गेले. तवा मी ठरोलं होतं साडभाऊ, की आपल्या पोटाचं आपन कोनापासून लपवाचं नाई. हसले तं हसले लोक. सांगत राह्याचं. आनं आता खरोखर माही पाळी आली तं जीभच उचलत नाई. मले समजत नाई, काहून."

 पाण्यात एक बगळा उभा होता, तो उडून गेला, तरी आम्ही तिकडेच पाहत राहिलो. मग मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर भंडाऱ्याला चला." ते म्हणाले, "मूळव्याधच असन जी." मी म्हटलं, "असली तर डॉक्टर तसं सांगतील." ते उठले. घरी मीच ताईला सांगितलं, त्यांच्यासमोर. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, पण त्यांनी मला थांबवलं नाही.

भंडाऱ्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, साडभाऊंच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पेन उघडून विचारलं, "काय होतंय काका?" आणि ज्या माणसाने कंडक्टरला, तलाठ्याला, सुतकातल्या लोकांना न विचारता सगळं सांगितलं होतं, तो माणूस टेबलावरच्या काचेकडे पाहत गप्प बसला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी बोलायला लागलो. पूर्वी सवय कशी होती, ती किती वाजताची, उन्हाळ्यात काय होई, रोवणीच्या दिवसांत काय होई, लाखोरीने काय होतं, तुरीने काय होतं, एरंडेल कोणत्या वर्षी सोडलं, इसबगोल कधी धरलं, आणि दिवाळीनंतर हे सगळं कसं बदललं. मी बोलत गेलो आणि माझंच मला नवल वाटत गेलं. इतकी वर्षं मी नुसतं "हं" म्हणत होतो असं मला वाटत होतं. पण सगळं आत जाऊन बसलं होतं, ओळीने, तारीखवार. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या.

"तुम्ही सख्खे भाऊ का?"

"साडभाऊ."

"कमाल आहे. माझ्या मिस्टरांना त्यांच्या साडूंचं पूर्ण नावसुद्धा माहीत नाही."

साडभाऊंच्या मिशा जराशा हलल्या. त्यानंतर रक्ताचं आणि वडिलांचं मात्र त्यांनी स्वतः सांगितलं. थांबत थांबत, पण स्वतः. बाईंनी त्यांची डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबून पाहिलं, हातमोजा घालून तपासलं, आणि रक्त तपासायला दिलं. दुपारी अहवाल आला: अंगात रक्त फारच कमी. तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून शांतपणे सांगितलं. रक्त पडलं म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालू नये. मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला कधी कधी लहान गाठी उगवतात, त्यांना पॉलिप म्हणतात. बऱ्याच जणांच्या काहीच करत नाहीत, पण काही गाठी वर्षानुवर्षं वाढत राहून कर्करोगात बदलतात. "आणि त्यांची खोड ही, की बहुतेक वेळा त्या काहीच कळू देत नाहीत. ना दुखणं, ना काही. कळलंच तर असं: रक्त, नाहीतर काळं शौच, सवय बदलते आणि आठवडा उलटला तरी जागेवर येत नाही, पोटात कळा, किंवा आतल्या आत रक्त झिरपून माणूस असा पांढरा पडतो आणि त्याला वाटतं, आपण नुसते थकलो."

"हे कोनाले होते, मॅडम?" साडभाऊंनी विचारलं.

"कोणालाही. पण वय पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेलं की जास्त. घरात आई-वडील, भाऊ-बहीण कोणाला असेल तर जास्त. वजन जास्त असेल, दारू असेल तर जास्त." बाईंनी साडभाऊंच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. "आणि बिडी."

साडभाऊंनी खिशावर हात ठेवला, जसा छातीत दुखल्यावर ठेवतात. इंजिनाची गोष्ट त्यांनी काढली नाही. मीही काढली नाही.

नागपूरला दुर्बिणीची तपासणी ठरली. तपासणीच्या आदल्या दिवशी पोट पूर्ण रिकामं करायचं असतं. पाण्यात कालवायची पावडर दिली होती. ती घोटाघोटाने प्यायची होती. हा दिवस आमच्या फ्लॅटवर पार पडला. तलाठ्यांकडे जिना उतरून जाण्याइतकी सवड त्या पावडरीने ठेवली नाही, त्यामुळे ज्याला ते खुर्ची म्हणत त्याच्याशी त्यांचा नाइलाजाने परिचय झाला आणि संध्याकाळपर्यंत चांगली ओळख झाली. प्रत्येक वेळी बाहेर येताना चेहऱ्यावर आश्चर्य वाढत गेलेलं असे. शेवटी सोफ्यावर टेकून, डोळे मिटून, अगदी क्षीण आवाजात म्हणाले, "साडभाऊ, आतापर्यंत मी ज्याले साफ म्हनत होतो ना, ते काईच नव्हतं." माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली आणि मग तिथेच ओट्याला टेकून रडली. मी दोन्ही ऐकलं.

नागपूरच्या त्या दवाखान्यात मी आणि ताई बाहेरच्या बाकावर बसलो होतो.  ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. गुंगी उतरल्यावर आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवले. गुलाबी बोगद्याच्या भिंतीवर लहान लहान उंचवटे, आणि एक मोठा, देठावर उभा, वर टोपी असलेला. "हे अळिंबीसारखं दिसतंय ना, तोच मोठा," डॉक्टर म्हणाले. साडभाऊ अर्धवट गुंगीत होते. मान उचलून म्हणाले, "सात्या?" आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळिंबीला सात्या म्हणतात आणि लोक त्यासाठी जंगलात वाटा तुडवतात. डॉक्टर नागपूरचे; त्यांना शब्द नवा होता, पण आवडला. सगळ्या गाठी दुर्बिणीतूनच कापून काढल्या होत्या. पोट फाडावं लागलं नव्हतं. मोठी तपासायला पाठवली होती.

अहवाल येईपर्यंतचे दिवस ते आमच्याकडे राहिले. ते दिवस मला अजून जड वाटतात. सकाळी मी चहा घेऊन बसे, ते समोर बसत, आणि दोघेही माझ्या फोनकडे पाहत. एकदा खालचे तलाठी वर आले, ते आपल्याकडे का येत नाहीत म्हणून जरा रुसल्यासारखे दिसले. साडभाऊंनी त्यांना बसवून सगळं सांगितलं, रक्तापासून सात्यापर्यंत. तलाठी ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझंही मधेमधे पडतं हो. मी आपलं मूळव्याध समजत होतो." दुसऱ्या दिवशी मी दोघांना घेऊन त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तलाठ्यांची खरोखरच मूळव्याध निघाली. त्या आनंदात त्यांनी आम्हाला पेढे दिले. मूळव्याधीचे पेढे मी पहिल्यांदा खाल्ले.

साडभाऊंचा अहवाल आला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला असं मला वाटलं. मोठ्या गाठीच्या टोकाशी पेशी बिघडायला लागल्या होत्या. पण देठापर्यंत काही पोचलं नव्हतं; जे होतं ते सगळं बाहेर आलं होतं. "वेळेवर आलात," ते म्हणाले. "आणखी उशीर केला असता तर..." आणि वाक्य त्यांनी तिथेच ठेवलं. वर्षभराने पुन्हा दुर्बीण, बिडी बंद, वजन कमी, ताटात भाजीपाला जास्त. आणि सख्ख्या भावाने, पुढे मुलांनीसुद्धा, काही त्रास नसला तरी तपासून घ्यायला हवं. बाहेर आल्यावर साडभाऊंनी खिशातलं बिडीचं बंडल काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ताईचा विश्वास बसेना. तिने डब्यात वाकून पाहिलं.

बिडी सुटणं सोपं नव्हतं. चिडचिड करत, बडीशेप चघळत, दुकानात येणाऱ्यांवर डाफरत. पण त्याहून अवघड होतं धाकट्या भावाचं प्रकरण. धाकटा हाडाचा शेतकरी, अंगाने काटक, बोलायला कमी. साडभाऊंनी त्याला तपासून घे असं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो बांधावरचं गवत काढत होता. "मले काई होत नाई ना, दादा. पोट लोखंडासारखं आहे माहं."

"मलेबी काई होत नव्हतं. हे सांगत नाई गा, बाबू. चूप राह्यते."

"तं राहू दे चूप."

मग साडभाऊंनी आपली नेहमीची रीत धरली, म्हणजे बोलण्याची. सकाळी बोलले, जेवताना बोलले, फोटो दाखवले, ताईला पाठवलं, मला पाठवलं. भावाच्या सासरी निरोप पाठवले. पुढच्या दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली, गावोगावचे पाहुणे जमले, रात्रीच्या दंडारीची, म्हणजे लोकनाट्याची, तयारी चालू होती. तिथे पानठेल्याजवळ चारचौघांत त्यांनी भावाच्या आतड्याचा विषय काढला. लोक हसले. धाकट्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो हातातलं पान टाकून निघून गेला, आणि त्यानंतर त्याने थोरल्याशी बोलणंच सोडलं. धानाच्या कापणीत दोघे एका शेतात राबत, आणि पाणी हवं असलं तरी मजुराच्या तोंडून मागत.

तेव्हा साडभाऊंनी मला फोन केला. सकाळी नाही, भरदुपारी, मी शाळेत असताना. "साडभाऊ," ते म्हणाले, "आयुष्यभर बोललो. जिथं बोलाचं होतं तिथं कामी नाई आलं." मी व्हरांड्यात उभा होतो, आत पोरांचा गलका चाललेला.  मी म्हटलं, "मी येतो रविवारी."

मी गेलो त्याच्या आदल्या संध्याकाळी काय झालं ते मला ताईकडून कळलं. साडभाऊ धाकट्याला न बोलताच, हाताला धरून बोडीवर घेऊन गेले. पॉलिपचं काढलं नाही, दुर्बिणीचं नाही, स्वतःच्या पोटाचं तर नाहीच. बाबूजींच्या धोतराचं सांगितलं. धाकटा त्या वेळी पाळण्यात होता. त्याला बापाचा चेहराही आठवत नव्हता, आणि ही गोष्ट इतक्या वर्षांत त्याला कोणीच सांगितली नव्हती. दोघे अंधार पडायच्या आत परत आले. धाकटा जेवला नाही, एवढंच ताईला माहीत.

रविवारी मी दुकानात बसलो होतो. धाकटा आला. धुतलेला सदरा, डोक्याला तेल, हातात पिशवी. दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

"दादा, त्या मॅडमचा दवाखाना उद्या खुला राह्यते का?"

साडभाऊंनी तोंड उघडलं. मला वाटलं आता सुरू होणार. आणि सुरू झालं तर हा माणूस पुन्हा मागे फिरणार. पण त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. "राह्यते," एवढंच म्हणाले, आणि उठून शटर ओढायला लागले.

दुपारच्या गाडीने आम्ही तिघेही भंडाऱ्याला निघालो. मुक्काम आमच्याकडे करायचा, सकाळी दवाखाना. ते दोघे पुढच्या सीटवर बसले, मी त्यांच्या मागे. मागून दोघांची मान सारखीच दिसते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. डोक्याची तीच रुंद ठेवण, कानामागे तोच खड्डा, फक्त एकाचे केस पांढरे. गाडीत फारशी गर्दी नव्हती. दोन्ही बाजूंना कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, कुठे धानाचे पुंजणे रचून ठेवलेले. वैनगंगेचा पूल आला, गेला. पवनी आली, गेली. साडभाऊ एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या बोलण्याला इतकी वर्षं कंटाळलो होतो, आणि आता मागे बसून मनात म्हणत होतो, बोला हो, काहीतरी बोला.

बोलला तो धाकटाच. खिडकीकडे पाहत, अगदी हळू.

"बाबूजीले हेच असन का गा, दादा?"

 गाडी खड्ड्यातून गेली, दोघेही हलले.

"मालूम नाई," साडभाऊ म्हणाले. "तवा कोनी पाह्यलंच नाई."

धाकट्याने मान हलवली. मग साडभाऊंनी त्याच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली, आणि भंडारा येईपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून बसले.